गाडी उभी केल्यावर वाचा

प्रिय बिभीषण,

नाव लिहिलं आणि पेन थबकलं. लग्नातल्या उखाण्यानंतर तुमचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही. कागदावर मात्र लिहून बरं वाटतंय. तुम्ही आतल्या खोलीत झोपला आहात, पंख्याच्या वाऱ्यानं पडदा हलतो आणि मधूनच तुमचे पाय दिसतात. सृष्टी शाळेत गेली आहे. शाळेच्या गणवेशांची थप्पी शिवायची पडली आहे, तरी मशीन बंद ठेवलंय. सुरू केलं तर तुमची झोपमोड व्हायची.

तुम्हाला आठवतं का, माढ्याहून सोलापूरला आलो तेव्हा मला इथं दिवस जाता जायचा नाही? तुम्ही टेम्पोत टॉवेल-चादरी भरून विजापूरच्या बाजूला जायचा आणि मी या खोलीत एकटी. मग तुम्ही गाडी चालवता चालवता फोन करायला लागलात. मी फोन मशीनच्या पाटावर ठेवायची, स्पीकर लावायची, आणि शिवता शिवता तुमच्याबरोबर निघायची. टाकळीच्या पुढं भीमेचा पूल लागला की चाकांचा आवाज बदलायचा. तुम्ही म्हणायचा, “विजू, पाणी लई आलंय बघ नदीला,” आणि मला खरंच पाणी दिसायचं. पलीकडं चहावाल्याचं कानडी ऐकू यायचं. उसाच्या ट्रॉल्या, सूर्यफुलांची शेतं, ढगांच्या सावल्या, सगळं तुम्ही सांगायचा. मी खिडकीबाहेरची समोरची भिंत विसरून जायची. बायका माहेरी जातात, देवाला जातात. मी रोज तुमच्या आवाजात बसून परमुलखात जात होते. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वेळ ती, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

मग सात रस्त्यावर हवालदारानं तुम्हाला अडवलं. घरी येऊन तुम्ही त्याची नक्कल केलीत, “हातात फोन धरून गाडी चालवणं गुन्हा हाय, ठाऊक न्हाय व्हय? लायसन जाईल!” सृष्टी पोट धरून हसली. मीही हसले. दुसऱ्या दिवशी तुम्ही कानात घालायचं ते यंत्र आणलंत आणि दोन्ही हात वर करून दाखवलेत, “बघ, हात मोकळे. आता कोण पकडतंय?” मलाही हायसं वाटलं. आपलं बोलणं सुटणार नाही, एवढंच तेव्हा माझ्या मनात होतं.

दिवाळीनंतर तुम्ही म्हणालात, “चल की या खेपेला, नुसतं ऐकतीस, बघ तरी.” सृष्टीला शेजारच्या अनसूयाकाकूंकडं ठेवून मी तुमच्या शेजारी बसले. ऊन कोवळं होतं. तुम्ही सांगितलेलं सगळं जागच्या जागी होतं, नदीसुद्धा. मला तर स्वप्नात फिरतेय असं वाटत होतं. झळकीच्या अलीकडं सृष्टीचा फोन आला. ती शाळेतल्या शर्यतीत पहिली आली होती. तुम्ही कानातल्या यंत्रातून तिच्याशी बोलायला लागलात, आणि फोनवर बोलताना तुमचा चेहरा कसा असतो, ते मी पहिल्यांदा पाहिलं.

किती छान दिसत होतात तुम्ही! ओठांवर हसू, कपाळावरची आठी गेलेली. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, डोळे समोर होते. पण त्या डोळ्यांत रस्ता नव्हता. तुम्ही तिच्या शाळेच्या मैदानात उभे होता, सृष्टी पळत येत होती, तिला बघत होता.

रस्त्याच्या कडेनं एक बाई डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन चालली होती. लाल लुगडं. ती मला कितीतरी लांबून दिसली होती. ती रस्ता ओलांडायला वळली, मला वाटलं तुम्ही आता वेग कमी कराल, आता कराल. तुम्ही सृष्टीला म्हणत होता, “मग बक्षीस काय दिलं गं?” मी “अहो!” म्हणून ओरडले. तुम्ही गाडी वळवलीत, ब्रेक लावलात. भारा रस्त्यावर पडला, बाई कडेला बसली. तिला खरचटलंही नाही, देवाची कृपा. तुम्ही उतरून भारा तिच्या डोक्यावर दिलात. ती काही भांडली नाही. “नोडकोंड होगप्पा,” म्हणाली. बघून जा रे बाबा, असं ते असावं, मला सुरावरून कळलं. गाडीत बसता बसता तुम्ही मला म्हणालात, “अचानक आडवी आली बघ.”

ती अचानक आली नव्हती हो.

परतीच्या वाटेवर मी बाहेर बघत राहिले, आणि एकच गोष्ट मनात येत राहिली. रोज दुपारी तुम्ही मला नदी सांगायचा तेव्हा नदी बघत होता की मला? मी पाणी आलंय का म्हणून विचारायची तेव्हा समोरून कोण चाललं होतं? हवालदाराला तुमचे हात दिसले, ते त्यानं बरोबर पकडले. पण तुम्हाला रस्त्यावरून उचलून या खोलीत आणणारी मी होते, आणि ते कुणालाच दिसत नव्हतं.

त्यानंतर तुमचे फोन मी उचलले नाहीत. कधी रेंज नव्हती म्हणाले, कधी मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही म्हणाले. ते खोटं होतं. फोन मांडीवर वाजत असायचा आणि मी त्यावर हात ठेवून बसलेली असायची, तो थांबेपर्यंत. काल जेवताना तुम्ही खाली मान घालून विचारलंत, “विजू, माझा कंटाळा आला का गं तुला?” सृष्टी माझ्याकडं बघायला लागली. मी उठून भाकरी आणायला गेले. म्हणून हे लिहितेय. तुमच्या धुतलेल्या शर्टाच्या घडीत ठेवते, म्हणजे वाटेत उतरून कपडे बदलाल तेव्हाच हाती लागेल. मी रागावलेली नाही. मला तुमच्याशी लई बोलायचंय, एवढ्या दिवसांचं साठलंय. यापुढं बोलायचं असलं की एखाद्या झाडाखाली गाडी उभी करा, किल्ली काढून खिशात घाला आणि फोन लावा. पहिल्या रिंगलाच उचलते.

तुमचीच, तुमच्या आवाजावर जीव असलेली,
विजयमाला