तीन रविवार

मोयनाक, १९ मार्च

ओराझगुलच्या बाबांना सलाम.

तुमची तब्येत ठीक असेल, सीमेवर नदीकाठची थंडी आता ओसरली असेल. ओराझगुल आणि मी बऱ्या आहोत. तिचा पुढचा दात पडला. सहा वर्षांची झाली तरी अजून माझ्याच पांघरुणात शिरते. तांबडी गाय व्यायली, कालवड झाली. खोकला यंदा कमी आहे, मिठाची धूळ फेब्रुवारीत दोनदाच उठली. नवरोज दोन दिवसांवर आलाय. शेजारणी पेज शिजवायला बोलावतायत. मी अजून हो म्हटलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुम्हाला रविवारी मिळतात तीन मिनिटं, आणि मागे रांगेतले शिपाई ‘उरका की’ म्हणून ओरडत असतात, ते मला इथे ऐकू येतं.

झाडं लावणाऱ्या सैनिकी तुकडीचं सांगते. जानेवारीत ते आटलेल्या समुद्राच्या कोरड्या तळावर वाळू धरून ठेवणाऱ्या सक्सौलची रोपं लावायला आले, तेव्हा तुम्ही फोनवर हसला होतात. ‘बंदूक टाकून फावडं धरलेले कसले शिपाई!’ तुमचे वडील, आपले अता, मात्र पहिल्याच दिवशी काठी टेकत त्यांच्याकडे गेले. तिथे इक्रोम नावाचा अंदिजानचा सार्जंट आहे. त्याला म्हणाले, “तुझ्या गावात काय पिकतं रे?”

“जर्दाळू, अता.”

“मग जर्दाळूच लाव जा. इथे खणलंस तर नुसतं मीठ निघेल. त्या उंचवट्याकडे चल. तिथे मी तीस वर्षं जाळी टाकलीयेत, खाली वाळू आहे.”

सगळे हसले. इक्रोम हसला नाही. तो निघाला त्यांच्यामागे, खणून पाहिलं, वाळू लागली. दुसऱ्या दिवसापासून ट्रक आपल्या दाराशी. अता पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचे, संध्याकाळी मिठाने भुवया पांढऱ्या करून परतायचे आणि मला म्हणायचे, “सूनबाई, पोलातला कळव, बाप सैन्यात भरती झाला. हुद्दा त्याच्यापेक्षा वरचा आहे.” किती वर्षांनी ते पोटभर जेवू लागले होते. समुद्र गेल्यापासून त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

हे एवढं लिहून मी उठले, गाईला पाणी दाखवून आले, भांडी घासली. आता लिहायलाच हवं.

अता गेले. सत्तावीस फेब्रुवारीला, मंगळवारी. दुपारच्या चहाला सगळे ट्रकच्या आडोशाला बसले होते. अता एकाला रागावत होते, “मुळं वाकवू नकोस, गाढवा, तुझा पाय कोणी असा दुमडून पुरला तर?” आणि बोलता बोलता त्याच्याच खांद्यावर कलले. त्या शिपायाला वाटलं, म्हातारबाबा थट्टा करतायत. त्रास झाला नाही त्यांना. डॉक्टरही तेच म्हणाले.

खांदा त्या शिपायांनी दिला. तुमच्या जागी इक्रोम पुढे होता. थंडीने जमीन दगडासारखी झाली होती, आठ जणांनी आळीपाळीने खणली. ज्यांना तुम्ही हसलात, त्यांची मी आयुष्यभर ऋणी आहे.

आता तुम्ही विचाराल, मग मला का नाही कळवलंस? अतांना घरी आणल्यावर इक्रोमने पहिली तीच गोष्ट काढली होती. “वहिनी, तासाभरात पोलातदादाच्या चौकीवर निरोप जाईल. बापाच्या मातीला दोन दिवस सोडतातच.” मी म्हटलं, “कळवलंय मी. त्यांना निघता येत नाही.” मौलवींनाही तेच सांगितलं. शेजाऱ्यांनाही. आणि तुम्हाला तीन रविवार म्हणत राहिले, “अता झोपलेत.”

लोकांना वाटतं, सीमेवरच्या माणसाचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून मी गप्प राहिले. तुम्हालाही मी तेच लिहिणार होते. पहिला कागद तसाच लिहिला होता, तो चुलीत घातला.

खरं कारण वेगळं आहे. दोन दिवस आला असतात, तर मे महिन्याची तुमची सुट्टी त्यात कापली गेली असती. गेल्या खेपेला माझ्या भावाच्या लग्नाला आलात तेव्हा तसंच झालं. ओराझगुलच्या जन्माच्या वेळीही तसंच. मी दिवस मोजत बसले होते. मला दोन दिवस पाहुण्यांच्या गर्दीत बसलेले, डोळे सुजलेले तुम्ही नको होतात. मला महिनाभर हवे होतात. सकाळी उठल्यावर शेजारी दिसणारे. अता अजून गार पडले नव्हते आणि माझ्या डोक्यात हा हिशेब चालला होता. त्यांच्या पायाशी बसून मी रडत होते तेही खरं, आणि हेही खरं. तुमच्या वडिलांची माती मी तुमच्यापासून चोरली.

परवा फोन ठेवला तर ओराझगुल माझ्याकडे बघत उभी. “आई, आजोबांना तर जमिनीत ठेवलं ना? मग झोपलेत का सांगतेस? बाबा त्यांना उठवायला सांगतील.” मी उगाच तिची वेणी सोडून पुन्हा घालू लागले. ती पुढे म्हणाली, “मी पण सांगू का तसंच, फोनवर?” पोरीला मी खोटं बोलायला शिकवतेय, हे तेव्हा दिसलं.

इक्रोमला काल खरं सांगितलं. त्याने टोपी हातात फिरवली. म्हणाला, “माझी बायकोही दिवस मोजते, वहिनी.” त्याचे कॅप्टन उद्या तुमच्या बाजूला येतायत, हे पत्र ते तुमच्या हातात देतील. एकटे असाल तेव्हाच उघडा, असं त्यांना सांगायला लावलंय. ते सांगायला विसरले असतील तर मला माफ करा.

सहा एप्रिलला अतांचा चाळिसावा दिवस आहे. तुमच्या साहेबांकडे रजा मागा. मे गेला तर जाऊ दे. तुम्ही या, कबरीपाशी जा, हवं तितका वेळ बसा. घरी आल्यावर माझ्याशी बोलला नाहीत तरी मी जेवण वाढीन. ओरडलात तरी वाढीन. दोन दिवसच या, पण या.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसताना तुमचं दुःखसुद्धा तुमच्या हाती न देणारी,

आयसाने