दादाचा ट्रक आणि दुखरी दाढ

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (तो कागदावरच मानून घे. सध्या मला कमरेतून वाकता येत नाहीये. साष्टांगातली जेमतेम चार अंगं कामावर हजर आहेत, बाकीची रजेवर. कारण पुढे येईलच.)

तुझी तब्येत कशी आहे? लाकूड खरेदीला बाहेरगावी गेलास की तुला हटकून पडसं होतं, म्हणून विचारते. लॉजची खिडकी लावून झोपत जा. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. लेक खुशाल, हे खुशाल, मीही वर सांगितल्याप्रमाणे चार अंगांनी खुशाल. तुझा ट्रकसुद्धा खुशाल आहे. म्हणजे मी काल पाहिला तेव्हा त्याचा बराचसा भाग एकाच ठिकाणी होता. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला ओरडतोस आणि मग माझा मुद्दा राहून जातो. पत्रावर तुला हवं तेवढं ओरडता येईल. शेजारच्या खोलीतल्या माणसाची तेवढी आधी परवानगी घे.

ट्रक कशासाठी नेला होता ते तुला माहीत आहेच, तरी ओरडण्याच्या भरात विसरशील म्हणून सांगते. तुझ्या भाचीच्या दवाखान्याचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. दाराला रंग झाला होता, पाटी लागली होती, भिंतीवर हसऱ्या दातांचं चित्रही लागलं होतं. फक्त खुर्ची नव्हती. दातांच्या डॉक्टरकडे खुर्ची नसली तर ती नुसती पांढरा कोट घातलेली मुलगी असते. शेजारच्या शहरातले एक म्हातारे डॉक्टर दवाखाना बंद करत होते, त्यांची खुर्ची मिळत होती. दिवा, थुंकायचं भांडं, पायाने दाबायचं पेडल, सगळं जोडलेलं. वजनाला म्हणशील तर चार हमाल चढवताना आपापल्या आयांना हाका मारत होते. आणि म्हणून तुझा ट्रक. किल्ली हातात देताना तू काय म्हणालास, आठवतं? ‘अगं, हा ट्रक नाही, हत्ती आहे. चिखल म्हणजे याला लोणी!’ अगदी खरं बोललास रे दादा. लोण्यात सुरी जाते ना, तसाच गेला तो. सरळ खाली.

झालं असं की परतताना हमरस्त्यावरच्या पुलाचं काम चालू होतं आणि वळसा भलताच लांबचा होता. तिथे आमच्या ह्यांचं ज्ञान उफाळून आलं. (उभी हयात मोजणी खात्यात गेलेल्या माणसाला तू कधी रस्ता विचारला आहेस का? विचारू नकोस. रस्ता राहतो बाजूला आणि त्याच्या मूळ मालकाच्या पणजोबांपासून हकीकत सुरू होते.) शेतांमधून एक गाडीवाट जाते, ती नकाशावर आहे, ती मी स्वतः मोजलेली आहे, असं त्यांचं म्हणणं. मोजली असेल. पण त्यांनी मोजल्यानंतर मधल्या काळात तिच्यावर बराच पाऊस पडला आणि वाटेने ही गोष्ट नकाशाला कळवली नाही. ट्रक तिच्यावर घालण्यात आला. पहिला टप्पा उत्तम गेला. ‘बघ,’ हे म्हणाले. मी बघितलं. समोर एक चकचकीत, सपाट, तपकिरी जागा होती, आणि तिच्या मधोमध एक बगळा उभा होता. बगळ्याचे पाय दिसत नव्हते. त्यावरून शहाण्या माणसाला काय ते कळायला हवं होतं.

ट्रक रुतला. मग ॲक्सिलरेटर दाबण्यात आला. चाकं जागच्या जागी फिरली, ट्रक आणखी खाली बसला. म्हणून ॲक्सिलरेटर आणखी दाबण्यात आला. हे मागून ढकलायला उतरले आणि क्षणार्धात त्यांचा शाडूचा पुतळा झाला. चष्म्याच्या जागी दोन फुगवटे तेवढे राहिले. बॉनेटखालून जळका वास यायला लागला. मी म्हटलं, थांबूया. पुतळा म्हणाला, नाही, आता येतोय, आता येतोय! मग पायाखालच्या रबरी चटया चाकांखाली सारल्या. एक चिखलाने गिळली, दुसरी यांच्या कानाजवळून उडत शेताच्या बांधापलीकडे गेली. मी उतरले, तर माझी उजवी चप्पल पहिल्याच पावलाला आत गेली ती गेलीच. वाकून, हात खांद्यापर्यंत घालून शोधली. चप्पल मिळाली नाही, पण कमरेतून कट्‌ असा आवाज आला. (तर ते हे कारण.) ‘सीटखाली सगळं सामान आहे, काळजी करू नकोस,’ असंही तू सांगितलं होतंस. सीटखाली गंजून एकजीव झालेला जॅक होता, साबणाची अर्धी वडी होती आणि कुठल्याशा जुन्या वर्षाचं कॅलेंडर. वार बघायला उपयोग झाला.

आता हे सगळं हसण्यावारी नेते आहे, पण तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं, दादा, आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं. लेकीचा फोन आला. ‘आई, निघालात ना?’ मी म्हटलं, निघालो आहोत. खोटं नव्हतं, निघालो तर होतोच. ती म्हणाली, ‘मी फरशी पुन्हा पुसली आहे.’ एवढंच. तिच्या आवाजावरून मला कळलं की ती रिकाम्या दवाखान्यात, खुर्ची जिथे यायची आहे त्या जागेकडे बघत उभी आहे. मी फोन ठेवला आणि ह्यांच्याशी काही वेळ बोलले नाही. हेही बोलले नाहीत. तोंड उघडलं असतं तर चिखल आत गेला असता, हे एक कारण झालंच.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. चालवणारा गडी धिप्पाड, डोक्यापासून हनुवटीपर्यंत मफलर घट्ट बांधलेला, आणि एक गाल असा टम्म फुगलेला की तोंडात लिंबू धरलं असावं. आमच्या इंजिनाचा आक्रोश ऐकून आला होता. आम्ही हात जोडले, ट्रक दाखवला, चाकं दाखवली. गालफुगे काही बोलेनात; नुसतं ‘ऊं’ करून मान हलवली आणि साखळी काढायला लागले. मला तर देवच भेटल्यासारखं झालं. मग साखळी घेऊन ते ट्रकच्या मागच्या बाजूला आले आणि त्यांनी वर पाहिलं. वाऱ्याने ताडपत्री बाजूला झाली होती, आणि संध्याकाळच्या उन्हात ती खुर्ची, तो दिवा, ते थुंकायचं भांडं झळाळत होतं. गालफुग्यांनी साखळी तिथेच टाकली, ट्रॅक्टरवर चढले आणि चक्क रिव्हर्स टाकला!

मी एका चपलेने धावले. म्हटलं, अहो, दाढ दुखतेय का?

‘नाय,’ ते म्हणाले. लिंबाच्या आडून.

‘झोप लागते का?’

 त्यांचे डोळे भरून आले, दादा. एवढा मोठा बाप्या, ट्रॅक्टरवर बसून रडवेला झाला. शेवटी म्हणाले, ‘बायको रोज म्हनते जा. आपल्याला नाय जमत. मंग नाय गेलो.’ आणि मग ह्यांच्याकडे बोट करून अगदी हळू विचारलं, ‘हेच डाक्टर का?’

इथे आमच्या ह्यांनी ‘नाही’ म्हणायला काय हरकत होती, सांग. पण आयुष्यात पहिल्यांदाच कोणी डॉक्टर म्हणालं, त्यांना मोह आवरला नाही. त्या चिखलाच्या पुतळ्याने मोबाईलचा दिवा लावला, ट्रॅक्टरच्या पायरीवर चढून गालफुग्यांच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि ‘हं... हद्दीचा प्रश्न आहे’ असं निदान केलं. मी दोघांनाही खाली उतरवलं आणि खरं ते सांगितलं : डॉक्टर आमची लेक आहे, हात हलका आहे, उद्या तिचा पहिला दिवस आहे, आणि ही खुर्ची पोचली नाही तर तिचाही दिवस गेला आणि तुमचीही झोप गेली. त्यांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं. मग वाकून साखळी उचलली.

पहिल्या हिसक्याला तुझा पुढचा बंपर आला. नुसताच. ट्रक मागेच राहिला. (साखळी बंपरला लावायची नसते, असं हे नंतर म्हणाले. लावताना दिवा यांनीच धरला होता.) दुसऱ्यांदा साखळी खाली चॅसीला लावली, आणि म्हैस डबक्यातून उठावी तसा सुस्कारा सोडत तुझा हत्ती बाहेर आला.

तुला वाटेल, संपलं. नाही. चिखलातून ट्रक निघतो. ट्रकमधून चिखल निघत नाही. जरा वेग घेतला की स्टिअरिंग असं थरथरायचं की यांच्या अंगावरचा वाळलेला चिखल खपल्याखपल्यांनी गळायला लागला. ब्रेक दाबला की आत कोणीतरी मांजराची शेपूट पिरगाळायचं. रेडिएटर चिखलाने लिंपून निघाला होता, त्यामुळे काटा लालमध्ये आणि वाफ थेट आभाळात. आणि डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा. दवाखान्याकडे यायला सगळी वळणं डावीच आहेत, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. अख्खी गल्ली स्वागताला बाहेर आली. पण खुर्ची पोचली. लेकीने खुर्चीला हात लावून पाहिला, मग आमच्याकडे पाहिलं, आणि हसावं की रडावं ते न कळून दोन्ही केलं.

सकाळी पाहुणे यायच्या आधी दारात ट्रॅक्टर. गालफुग्यांना त्यांच्या बायकोने दंडाला धरून आणलं होतं. लेकीने हातमोजे चढवले. एकटीने काढायची ही तिची पहिलीच दाढ. मी दाराशी उभी होते, आणि खरं सांगते, तिने चिमटा एकदा उचलून परत ठेवलेला मला दिसला. गालफुग्यांनी डोळे मिटलेले, त्यांना दिसला नाही. मग तिने तो पुन्हा उचलला. मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. आरडाओरडीची वाट पाहत होते, तर आतून फक्त ‘झालं? खरंच झालं?’ असा आवाज आला. गालफुगे कापूस चावत बाहेर आले आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आ करून ती रिकामी जागा दाखवत बसले. यापेक्षा चांगलं उद्घाटन कोणाचं झालं असेल, मला वाटत नाही.

ट्रक गॅरेजमध्ये आहे. तिथले मेकॅनिक कुठलाही भाग उघडला की ‘अरेरेरे’ म्हणतात, म्हणून आम्ही त्यांना अरेरेसाहेबच म्हणतो. चाकांच्या आत वाळलेल्या चिखलाची ढेकळं निघाली, म्हणून ती थरथर, ती गेली. क्लच जळला आहे. मागच्या गिअरपेटीतल्या तेलात पाणी शिरून दुधाळ चहा झाला आहे. हॉर्नचं काय ते त्यांनाही कळलेलं नाही. बंपर दवाखान्यात कोपऱ्यात उभा आहे. पेशंट त्याला छत्र्या अडकवतात, चांगला उपयोग होतो.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद आणि गोड पापे, ज्याचे त्याला. पडसं झालंच तर छातीला तेल लावून घे.

तुझी,
चतुरांग बहीण

ता.क. (हे अक्षर माझं आहे.) दादासाहेबांस सविनय नमस्कार. पाकीट चिकटवण्यासाठी हे पत्र माझ्याकडे आलं. मजकूर स्थूलमानाने बरोबर आहे. वाट मी दाखवली, हेही मान्य. मात्र ‘घालण्यात आला’, ‘दाबण्यात आला’ असं जे सरकारी मराठी आपल्या भगिनींनी वापरलं आहे, ते वाचताना मला सायकलपलीकडे काहीही चालवता येत नाही, एवढं आपण ध्यानात घ्यावं. मी मागे, चिखलात होतो.

ता.क. २ : वरचं वाचलं. मला ट्रक चालवायला वखारीत कोणी शिकवलं? तूच. तेव्हा दोष कोणाचा, ते तू तुझं ठरव. मी भावाविरुद्ध एक शब्द बोलणार नाही.

ता.क. ३ : मुख्य काम राहिलंच. त्याच म्हाताऱ्या डॉक्टरांचं एक्स-रेचं मशीन आणायचं आहे, आणि तुझा हा ट्रक तर अरेरे. म्हणून तू नवा निळा घेतला आहेस तो पाहिजे. मोठ्या भावाला विचारल्याशिवाय मी कसलीही वस्तू नेत नाही, हे तुला माहीत आहे, म्हणूनच एवढं सविस्तर विचारते आहे. कळवण्याची घाई करू नकोस. वहिनीने किल्ली सकाळीच पाठवली.