काळ्या पावाची भूक

सावोनलिन्ना, ४ सप्टेंबर २००४

चि. सौ. हिल्कास,
अ. आ.

त्या सकाळी मी तुझ्याकडे चुलीतली राख काढली, कॉफी टाकली, टेबल पुसलं आणि पाव कापायला घेतला, तर सुरी त्यातच चिकटून बसली. पाव कसला, पाकात कालवलेला चिखल तो. तू त्याचे तीन जाड तुकडे खाल्लेस, आणि दहा वाजायच्या आत फडताळापाशी उभी राहून फुगवलेल्या तांदळाच्या चकत्या चावायला लागलीस. मीही एक तोंडात घातली. त्यापेक्षा थर्माकोल बरा. जी किळस आली ती अजून गेलेली नाही.

त्याहून किळस आली तुझ्या नवऱ्याच्या बोलण्याची. बायको दुखरा गुडघा ओढत फडताळापर्यंत जाते आणि रेइनो पेपराआडून विचारतो की गोठ्यात पुन्हा रवंथ सुरू झालं का. पाहुणी होते म्हणून टेबल पुन्हा एकदा पुसत राहिले.

तू खादाड नाहीस. माझा नवरा तावेत्ती गेल्यापासून ग्रंथालय हेच माझं दुसरं घर झालंय. तिथे खाणं आणि भूक या विषयावरचं एक पुस्तक मिळालंय, ते वाचते आहे. डॉक्टर काय म्हणाले ते कळव.

रागावलेली, तरी तुझीच,
आउने


बेटावरून, १२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

पत्र वाचून आधी रडले, मग एक चकती खाल्ली.

डॉक्टर म्हणतात, नाताळपर्यंत रक्तातली साखर खाली आली नाही तर गुडघ्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे जाणार. दोनदा गेलंच आहे. बोटीच्या धक्क्यापर्यंतसुद्धा जाता येत नाही. सौनाच्या वाफेच्या खोलीत रेइनो हाताला धरून नेतो आणि वाटेत हमाली मागतो. नर्सने सांगितलं, पांढरा सोड, राई धान्याचा काळा पाव खा. मी काळाच खाते आहे, ताई. आमच्या बेटाचा पाव आहे तो, त्याला नावं ठेवू नकोस. चकत्यांत तर साखरही नाही नि लोणीही नाही. मग भूक का लागते? रेइनो म्हणतो, माझ्या पोटाला बूडच नाही. आता मलाही तसंच वाटतं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
हिल्का


सावोनलिन्ना, २० सप्टेंबर

चि. सौ. हिल्कास,
अ. आ.

तू रंगाला भुललीस. काळा तो राईचा, असं आपण सगळेच धरून चालतो. नर्सचं बरोबर होतं, पाव वेगळा निघाला. तुझ्या पावाच्या पिशवीमागची बारीक अक्षरं मी वाचली होती. आधी गहू, मग पाक, आणि राई अगदी शेवटी, लाजेपुरती.

चकत्यांत साखर नाही खरी, पण फुगवलेला तांदूळ पोटात गेला की त्याची लगेच साखरच होते. खाल्लेलं किती झपाट्याने साखर होऊन रक्तात उतरतं, त्याच्या मापाला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. चुलीत बर्चच्या झाडाची साल टाकलीस तर भडका उडतो आणि कॉफी उकळायच्या आत विझतो. ओंडका दुपारपर्यंत धुमसतो. तुझी साखर तशी भरकन चढते, शरीर तिला खाली ढकलायला धावतं, आणि ती उतरली की भूक पुन्हा दारात. भरड राईचा आंबट पाव, गुरुवारचं वाटाण्याचं सूप, उकडून गार केलेले बटाटे, हे तुझे ओंडके. मात्र नुसत्या मापावर जाऊ नकोस. आइस्क्रीमचंही माप कमी भरतं, म्हणून ते न्याहारीला घ्यायचं नसतं.

रेइनोला सांग, बूड पोटाला आहे, त्याच्या जिभेला नाही.

तुझी,
आउने


बेटावरून, ११ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न.

तुझा निरोप रेइनोला वाचून दाखवला. तो त्याला चांगलाच लागला. उरलेल्या चकत्या त्याने बदकांना टाकल्या. बदकं जवळ आली, बघून निघून गेली.

सूप आणि गार बटाट्यांनी दुपारी फडताळ आठवत नाही. अडतं ते सकाळी. आमच्या एकुलत्या दुकानात तोच गोड पाव असतो, आणि फेरीबोटीने पलीकडे जाणं मला जमत नाही. घरी भाजेन म्हणून आईची काठवट काढली, तर रेइनोने ती साबणाने घासून ठेवलेली. त्याला आतली आंबवलेल्या पिठाची सुकलेली पुटं म्हणजे घाण वाटली. आजीपासूनचं खमीर गटारात गेलं. तावेत्तीभाऊजींनी कोरलेल्या तुझ्या काठवटीत सुकलेलं खमीर असेल. मूठभर खरवडून पाठवशील? नाताळ फार लांब नाही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
हिल्का


सावोनलिन्ना, १८ ऑक्टोबर

चि. सौ. हिल्कास,
अ. आ.

ते मला जमणार नाही. त्या काठवटीतल्या शेवटच्या पावाचा तुकडा तावेत्तीला मी दुधात भिजवून भरवला होता. त्यानंतर त्याने काही खाल्लं नाही. तेव्हापासून आंबट पिठाचा वास आला की मला उमळून येतं. गेली तीन वर्षं मी ओटच्या पेजेवर काढली. भेगांत जे सुकलंय ते त्या दिवसाचं आहे, ते खरवडायला माझा हात धजत नाही. शेजारणीकडे विचारून बघते. मला दगड म्हण हवं तर, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.

तुझी,
आउने

ता. क. हे पत्र काल पेटीत टाकलं नाही. आज सकाळी काठवट खाली उतरवली. वासाने दोनदा खिडकीशी जावं लागलं. मूठभर खरवडलं, ते याच पाकिटात घातलं आहे. उरलेल्यावर कोमट पाणी ओतलं, राईचं पीठ मिसळलं आणि वर फडकं टाकलं.