तोट्यातली शाखा

९ ऑगस्ट १९९४
तोट्यात आहे म्हणे! आमच्या गावची बँक तोट्यात, म्हणून आळेफाट्याच्या शाखेत विलीन करणार. गावात आठवड्यातून एकदा साहेब येणार, टेबल टाकून बसणार — बाजारात कल्हईवाला बसतो तसा!

आणि मी आज जुन्नरला बारावीच्या वर्गात काय शिकवलं? ‘नियोजित अर्थव्यवस्थेत मध्यवर्ती बँकेची भूमिका.’ बँका खेड्यात नेणं. शेतीला, छोट्या धंद्याला कर्ज मिळेल असं बघणं. इंद्रायणी म्हणून मुलगी आहे, आमच्याच गावची. उभी राहून म्हणाली, “मॅडम, मग आपल्याकडची शाखा बंद का करू देतात?”
मी फळा पुसत राहिले.

१० ऑगस्ट
राग जात नाही.

१२ ऑगस्ट
मॅनेजरांना भेटले. गोड माणूस. चहा मागवला. “धोरण बदललं मॅडम. आता नफा बघायचा. वरूनच मुभा आहे.”
वरून म्हणजे रिझर्व्ह बँकेकडून! शहरात शाखा हवी तर आधी खेड्यांत उघडा, असं बँकांना दटावणारी हीच ना? मग आता खेड्यानं कोणाकडे बघायचं?
“सरकारी दवाखाना नफ्यात असतो का?” मी विचारलं.
ते हसले. “ग्रामसभेचा ठराव द्या. वर पाठवतो.”
देतेच!

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर ग्रामसभा. सरपंच बाळासाहेबांनी मलाच बोलायला लावलं. तोंडाला येईल ते बोलले. आमच्या बौद्धवाड्यातल्या माणसांना सावकाराच्या ओट्याखाली उभं राहावं लागायचं, बँकेत मात्र सगळा गाव एका रांगेत — हेही बोलले. टाळ्या पडल्या.
“शाखा ऱ्हायला पायजे म्हननारांनी हात वर!” बाळासाहेब ओरडले.
सगळे हात वर. आणि पुढेच बसलेली माझी आई — हात मांडीवर! मी खुणावलं. तिनं पदर सावरला आणि दुसरीकडे बघितलं.

घरी येऊन भडकले. “आई, तुझी म्हैस त्याच बँकेच्या कर्जावर आली ना?”
“आली. फेडलं बी.”
“मग?”
“तू पगार काढाया जाती. तुला मॅडम म्हनत्यात. मला त्यो शिपाई दारातच आडवतो — काय काम हाय? साहेब अंगठ्याचं पॅड सरकावतो, पन वर बघत न्हाई. बसाया बाकडं हाय, म्या कदी बसले न्हाई.”
“तक्रार करायची!”
“कुनाकडं?”
बाकड्यासाठी कोणी बँक घालवतं का! मी तसं बोललेही. जास्तच बोलले. आई भाकऱ्या थापत राहिली.

२० ऑगस्ट
ठराव पोचता केला. आई कामापुरतं बोलते.

१७ सप्टेंबर
राहिली! शाखा राहिली!! जिल्ह्याच्या बैठकीत विलीनीकरण रद्द. बाळासाहेबांनी पेढे वाटले. मॅनेजर म्हणाले, “मॅडम, तुमच्यामुळे.” वर्गात इंद्रायणीनं टाळ्या वाजवल्या. भांडलं की होतं! वरच्यांनाही ऐकावं लागतं!
आईला पेढा दिला. तिनं खाल्ला.

२४ सप्टेंबर
आई आज एकटीच बँकेत जाऊन खातं बंद करून आली.
“तुजी बँक ऱ्हायली, बरं झालं,” एवढंच म्हणाली.