निवडुंग आणि प्रकाशची कारणं

३ मार्च
लिहून राह्यली शेजारची रेखा, बोलून राह्यली मी. मले अक्षर येत नाही, तोंड तेवढं येते. रेखाले बजावलं, शहाणपणा घालू नको, बोलीन तेच लिही.
आज सुखदेव गवंडी आला. माझा प्रकाश पुण्याले असते. दरवर्षी मे महिन्यात येतो म्हणते अन् दरवर्षी काहीतरी अडते. मागच्या साली संडासावर अडलं. सुनेचे गुडघे दुखतात, तिले खुर्चीवाला लागते. म्हणून कमोड. यंदा त्याचं एकेक कारण बुजवून टाकायचं ठरवलं.

९ मार्च
कमोड बसला. पांढरा फेक. सुखदेव म्हणे, "मावशी, बसून तर पाहा."
"तू बसवला, तूच उद्घाटन कर."
लाजला. मागून मी बसून पाह्यलं. पाय जमिनीले टेकत नाहीत. पाहुण्याच्या घरी आल्यासारखं वाटते.

१५ मार्च
आज बागेत. बोअरचं पाणी खारं, ह्या पट्ट्यात सगळीकडंच खारं. जास्वंद गेली, मोगरा गेला. प्रकाशचे बाबा गेल्यावर बांधावरून निवडुंग आणला, मग घायपात, कोरफड. फुटके माठ, तेलाचे डबे, जे सापडलं त्यात लावलं. आता ओट्यापासून फाटकापर्यंत काटेच काटे. पाणी मागत नाहीत बिचारे.
बाया सांगून जातात, दारात काट्याचं झाड असलं की घरात भांडणं होतात. म्हटलं, होऊ द्या. भांडायले दुसरं माणूस तरी लागन ना.

२ एप्रिल
रेखानं कमोडचा फोटो धाडला. प्रकाश म्हणे, वा आई. मग म्हणे, "पण पत्र्याखाली पोरीले घामोळ्या येतात."
सुखदेवले पुन्हा बोलावलं. पत्र्यावर पांढरा रंग, खिडकीत कूलर. खाऱ्या पाण्यानं जाळीवर मीठ धरते. भाजीत टाकायले होईन.

११ एप्रिल
त्या खोलीत मीच झोपली. थंड आहे. कूलर लय घरघरते, बाजूले कोणी घोरत असल्यासारखं. झोप बरी लागली.

१९ एप्रिल
आता पाणी. खाऱ्या पाण्यानं पोट बिघडते म्हणे प्रकाश. गोड्या पाण्याचा जार लावला. एकटीले संपत नाही. उरलं ते कोरफडीले. तिच्या जन्मात नव्हतं असं पाणी.

२७ एप्रिल
फोन केला. कमोड झाला, कूलर झाला, पाणी झालं. "मग कधी येता?"
"पाहतो, पाहतो."
मग म्हणे, "आई, ते काटे. मागं पोरीच्या पायात गेला होता ना."
गेला होता खरा. तवा ती रांगत होती. आता सातवीत आहे.

२९ एप्रिल
चिमटा घेऊन बसली. फाटकाजवळच्या निवडुंगाचा एकेक काटा उपटला. बोटं सुजली. झाड बोडकं दिसून राह्यलं, पण हात फिरवता येते.

३० एप्रिल
रेखाच्या बकरीनं तो निवडुंग खाल्ला. बुडापासून. काटे होते तवर ढुंकून पाह्यलं नव्हतं. रेखा माफी मागून राह्यली. म्हटलं, लिही, बकरीले आवडला.

९ मे
सुखदेव घमेलं-फावडं घेऊन हजर. "मावशी, दुपारपर्यंत सगळे उपटतो. वरून फरशी टाकू. मग प्रकाशभाऊ काय सांगन?"
मी ओट्यावर बसली. खरंच, मग काय सांगन तो? आतापर्यंत कमोड नव्हता, गरमी होती, पाणी खारं होतं. काटे गेले की त्याच्या हातात काहीच उरत नाही. माझ्या तरी काय उरते.
सुखदेवले चहा पाजला, घरी धाडलं. म्हटलं, सांगीन मी. तो म्हणे, "कधी?" म्हटलं, चहा पी.
संध्याकाळी प्रकाशचा फोन. "काढले का काटे, आई?"
"नाही बाबू. लय माजले. हातच लावू देत नाहीत."
"राहू दे मग. उगाच हाताले लावून घेशील."
आवाज मोकळा झाला त्याचा. मग लय वेळ बोलला. हापिसचं, पोरीच्या शाळेचं. जेवली का म्हणून विचारलं.
रेखाचा पेन थांबला आहे. थांबली काऊन वं? लिही, जेवली म्हणून सांगितलं.