मागचं दार उघडलं कोणी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की मी अमेरिकेत आले हेही तुला माहीत नाही. टेक्सासमध्ये फ्रिस्को म्हणून गाव आहे, तिथे आम्ही राहतो. सगळं नवं, शाळा नव्या, रस्ते नवे, झाडं अजून काठीला बांधलेली. शाळा-ऑफिसांमध्ये एसी बसवणाऱ्या एका कंपनीत मी एस्टिमेटर आहे, म्हणजे काम हाती येण्याआधी त्याला पत्रा किती लागेल, माणसं किती लागतील, खर्च किती येईल ते काढून देते. मशीनचा भाव ठरलेला असतो, पत्र्याचा भाव बाजार ठरवतो. खाली-वर करता येते ती फक्त मजुरी. टेंडर हातचं जाईल असं वाटलं की मालक माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात आणि म्हणतात, "लेबर जरा बघ ना." मी बघते. माझं शिक्षण तुझ्या पगारावर झालं आणि आता माझा पगार असा होतो.

लेबर म्हणजे कोण, तर त्यातले दोघं तुला सांगते. एक आमचा जुना टेक्निशियन. इथेच जन्मलेला, एसीच्या कामाचं लायसन्स असलेला, पन्नाशी उलटलेला. तो एकदा मला म्हणाला होता, "माझ्या बापाने याच कामावर घर घेतलं, आम्हा तिघा भावंडांना वाढवलं. मी अजून भाड्याने राहतो." दुसरा, एसीची हवा नेणारे पत्र्याचे डक्ट बसवणाऱ्या टोळीचा फोरमन. पोरवयात होंडुरासहून आला, कागदपत्रं नाहीत. तो एका उपकंत्राटदाराचा माणूस, म्हणून आमच्या पगारपत्रकावर त्याचं नाव नव्हतं. मालकांना ठाऊक होतं, टेक्निशियनला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं. तो स्वस्तात मिळायचा म्हणून टेक्निशियनचा पगार वाढत नव्हता. निदान आमच्या कंपनीत तरी. हे मला कोणी समजावून सांगायला नको. दोघं मात्र एकाच शिडीवर काम करायचे, एक वर, एक खाली धरून.

मध्यंतरी बातम्यांत सुरू झालं की वर्षानुवर्षं इथे राबणाऱ्या बिनकागदाच्या लोकांना सरकार माफी देणार, त्यांना इथे कायम राहू देणार. इथे त्याला अॅम्नेस्टी म्हणतात. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसातली हवाच बदलली. टेक्निशियन डबा उघडून बसायचा आणि खायचा नाही. "आज लायसन्सचं काम तरी माझं आहे," म्हणायचा. "उद्या हे परीक्षा देतील. मग माझ्याकडे काय राहिलं?" मालकांची भीती वेगळी. कागद मिळाले की टोळी दुसऱ्याकडे जाईल, नाहीतर पूर्ण मजुरी मागेल. एक दिवस मला केबिनमध्ये बोलावून ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "मजुरी वाढली तर ऑफिसातली माणसं कमी करावी लागतील. तुला आधी सांगून ठेवतो." मी थँक यू म्हणून बाहेर आले. कशाचं थँक यू, देव जाणे. आई, मी इथे व्हिसावर आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत आमचा नंबर कधी लागेल ते कोणी सांगत नाही. ही नोकरी गेली तर दोन महिन्यांत दुसरी मिळवायची, नाहीतर घर, मुलाची शाळा, सगळं आवरून निघायचं. दुसरी कंपनी जास्त देते म्हणून उठून जाणंही सोपं नाही, सगळे कागद या कंपनीच्या नावाने आहेत.

घरी आले तर नवरा चिडलेला. "आपण इतकी वर्षं लाइनमध्ये उभे आहोत यार, आणि हे मागच्या दाराने आत!" तो असं म्हणाला आणि मी एकदम तुझ्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

तू पोळ्या लाटते आहेस. अंगावर अजून नर्सच्या ड्यूटीची पांढरी साडी आहे, कारण उशीर झालाय आणि बदलायला वेळ नाही. दवाखान्यातल्या कंत्राटी सिस्टरना कायम करायचं चाललंय, आणि तुमच्या कायम सिस्टर पेटून उठल्यात. आमची बढती जाईल, आमच्या जागा जातील, म्हणतात. मी कॉलेजात आहे, मला सगळं कळतं. मी ओट्याला टेकून म्हणते, "बरोबरच आहे त्यांचं. तुम्ही परीक्षा देऊन लागलात. त्या मागच्या दाराने आल्या." तुझं लाटणं थांबतं. "मागच्या दाराने आल्या ना? मग दार उघडलं कोणी? आत बोलावून अर्ध्या पगारात रात्रपाळ्या कोणी करून घेतल्या? दार उघडणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही, आत आलेलीला म्हणतात." तव्यावरची पोळी करपली तरी तू उलटली नाहीस. मग अगदी हळू म्हणालीस, "आज सभेत मी त्यांच्या बाजूने हात वर केला. पण मला भीती वाटते गं. तुझी फी कशी भरायची मी, बढती नाही झाली तर?" तोवर मला वाटायचं की जे बरोबर वागतात त्यांना भीती वाटत नसावी.

आणि तुझी भीती खोटी नव्हती. त्या सगळ्या कायम झाल्या आणि तुझी बढती खरंच लांबली. त्या वर्षीची माझी फी मामाने भरली. पण पुढच्या वर्षी तुम्ही सगळ्या मिळून रात्रपाळ्या कमी करण्यासाठी भांडलात तेव्हा तुमच्याऐवजी कमी पैशात उभं राहायला दवाखान्याकडे कोणीच उरलं नव्हतं, आणि पाळ्या कमी झाल्या. दोन्ही गोष्टी झाल्या. लोक मला विचारतात, अॅम्नेस्टीने पगार पडतील की वाढतील? मला ठामपणे सांगता येत नाही. मला तुझी लांबलेली बढतीही आठवते आणि त्या पाळ्याही आठवतात.

या उन्हाळ्यात एका नव्या शाळेच्या कामावर मी मापं घ्यायला गेले होते. ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावला तर चटका. दुपारी कोणीतरी ओरडलं की फाटकापाशी इमिग्रेशनवाल्यांची गाडी उभी आहे. क्षणात छतावरची ठोकाठोक थांबली. टोळीतली माणसं कुठे गेली मला कळलंसुद्धा नाही. मी मागच्या बाजूला ठेवलेल्या माझ्या गाडीकडे गेले, तर फोरमन तिथे उभा. तो मला इंजिनियर म्हणूनच हाक मारायचा. "इंजिनियर, मला फक्त मोठ्या रस्त्यापर्यंत सोड." त्याचे ओठ कोरडे पडले होते. माझ्या पर्समध्ये माझा पासपोर्ट होता, हल्ली मी तो घेऊनच फिरते. मला वाटलं, हा माझ्या गाडीत सापडला तर माझं काय होईल? मुलाला शाळेतून कोण आणेल? आणि मी म्हणाले, "बस."

मागच्या रस्त्याने निघालो. फाटकाकडे मी बघितलंच नाही. सिग्नल लागल्यावर त्याने एसीचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग तो म्हणाला, "कागद मिळाले तर मी लायसन्सची परीक्षा देणार. मग तू मला त्याच्याइतका दर लावशील ना?" त्याच्याइतका म्हणजे टेक्निशियनइतका. मी म्हणाले, "मी नाही ठरवत." तो हसला. "मग कोण ठरवतं?" एका दुकानासमोर तो उतरला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि गर्दीत मिसळून गेला.

घरी सांगितलं तर नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. "पागल झालीस का? एका माणसासाठी आपलं सगळं?" तो ओरडत नव्हता, आई, तो घाबरला होता. जिन्यात मुलगा उभा. "आई, आर वी इन ट्रबल?" मी म्हणाले, "नाही रे राजा." मग मी त्याला घट्ट धरून ठेवलं, तो "आई, स्टॉप" म्हणेपर्यंत.

फाटकापाशी उभी होती ती गाडी साधी, पालिकेच्या तपासणीसाची निघाली. पण फोरमन पुन्हा कामावर आला नाही. कोणी म्हणतं, बायकोमुलांना घेऊन दुसऱ्या राज्यात गेला. त्याची टोळीही पांगली. आता तो नाही, तर टेक्निशियनचा पगार वाढायला हवा होता, नाही का? तसं झालं नाही. मालकांनी डक्टचं कामही त्याच्याच अंगावर टाकलं, त्याच पगारात. परवा तो पायऱ्यांवर बसून गुडघे चोळत होता. मला म्हणाला, "तो होता तेव्हा वाटायचं, हा गेला की माझे दिवस येतील." मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याच आठवड्यात मी मालकांना म्हणाले की लेबरचा आकडा याहून खाली येणार नाही. ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. तेव्हापासून रोज सकाळी मी आधी त्यांचा ईमेल आला आहे का ते बघते.

हे तुला कुठे पाठवणार मी? लिहून झालं की पुसून टाकेन. पण त्याआधी एक सांगायचं आहे, जे नवऱ्याला सांगितलेलं नाही. माफीचा तो कायदा अडकला, आता काही होत नाही, अशी बातमी आली तेव्हा मी भाजी चिरत होते. मला आधी हायसं वाटलं. आपली रांग आणखी लांबणार नाही, माझी खुर्ची राहील. वाईट वाटलं ते नंतर, चिरलेली भाजी कढईत गेल्यावर.