थर्मलची बदनामी

नाशिकरोड, मंगळवार

श्री. भिकनराव दाजी यांस बहिरूचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण कंबर धरली आहे. कागदावर झालं तरी खोटं कशाला.) सायखेड्याची मंडळी बरी असतील. आमच्या सुमनताईचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, खोकला गेला का? गेला असला तरी परत येतो, सांभाळा. माझा रक्तदाब सध्या ठीक आहे, असं भीतभीतच लिहितो. फोन केला असता, पण तुमची चैताली शेजारच्याच खोलीत असते आणि तिचे कान फार तिखट आहेत.

ती कॉलेजात काय करते हे तुम्ही गावात 'मोठ्या शिक्षणाला आहे' एवढ्यावर मिटवता. मी नीट सांगतो. मक्यापासून एक प्लास्टिक होतं. त्यात ती एका जातीच्या काचेची पूड घालते, यंत्रात तापवून एकजीव करते आणि शेवईसारखी तार पाडते. त्या तारेपासून पुढे स्क्रू करायचा आणि मोडलेल्या हाडात बसवायचा. हाड जुळत जातं तसा स्क्रू आतल्या आत विरघळतो आणि काच हाडाला खतासारखी लागू पडते. (हाड जुळायच्या आधीच विरघळला तर, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मामा, जेवा.")

तार यायला हवी होती पांढरी. येत होती तपकिरी, करपट वासाची, आणि चिक्कीसारखी मोडायची. काल सोमवारी मुंबईहून तपासायला माणसं येणार होती. तोवर पांढरी तार दिसली नाही तर सहा महिन्यांची मेहनत बाद आणि शिष्यवृत्ती बंद. पोरीला चतकोर भाकरी जाईना. गेल्या मंगळवारी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "थर्मलमुळे सगळं खराब होतंय, मामा. थर्मल डिग्रेडेशन."

दाजी, मी ताट बाजूला सारलं. एकतीस वर्षं मी थर्मलच्या बॉयलरवर काढली. नाशिकरोडला थर्मल म्हणजे एकलहऱ्याचं वीजकेंद्र, दुसरं काही नाही, कोणत्याही रिक्षावाल्याला विचारा. त्याच थर्मलच्या पगारातून तुमच्या लग्नाचा सफारी शिवला. (तो आखूड झाला म्हणून तुम्ही वर्षभर बोलला नाहीत, ते मी विसरलो आहे.) डिग्रेडेशन म्हणजे काय ते काळूला विचारलं. तो माझ्याबरोबर कामाला होता आणि दहावीला दोनदा बसला आहे. तो म्हणाला, "दर्जा उतरवणं. लिहून घे."

दुसऱ्या दिवशी सेवेचं प्रमाणपत्र आणि काळूला घेऊन मी थेट प्रयोगशाळेत गेलो. चैतालीच्या वरच्या उज्वला मॅडम भेटल्या. त्यांना मी वाऱ्याची दिशा सांगितली, आमच्या चिमणीचा धूर इतक्या लांब तुमच्या तारेवर येऊन बसणं शक्य नाही हे कागदावर काढून दाखवलं. मॅडमनी सगळं ऐकलं, चहा मागवला आणि म्हणाल्या, "बाबा, थर्मल म्हणजे उष्णता." चैतालीने मास्क डोळ्यांपर्यंत ओढला. काळू म्हणाला, "मी तेच सांगत होतो." (सांगत नव्हता.)

मग मॅडमनी समजावलं. एकटं प्लास्टिक तेवढी आच सोसतं. काचेची पूड मिसळली की त्याच आचेत त्याच्या लांब साखळ्या तुटतात, म्हणून ते तपकिरी आणि ठिसूळ होतं. मी सवयीने विचारलं, "पूड ओली आहे का?" (ओला कोळसा आला की आम्ही आधी हेच विचारायचो.) त्या म्हणाल्या, भट्टीत वाळवून घेतो. वाळवल्यावर कुठे ठेवता? चैतालीने बोट दाखवलं. प्लास्टिकचे दाणे आणि पूड, दोन्ही ताटं उघडी, आणि समोर पाण्याचा कूलर भरधाव चालू.

मॅडमनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "वाळवलेला माल इथेच पुन्हा ओल धरतोय, आणि ओल असली की साखळ्या आणखी तुटतात."

कूलर ऑफिसात हलवला. माल पुन्हा वाळवून डबे झाकले, आच थोडी उतरवली, तो यंत्रात कमी वेळ राहील असं केलं. शनिवारी दुपारी तार आली, दाजी, शेवईसारखी पांढरी. सोमवारची माणसं खूश होऊन गेली. मॅडमनी मला नारळ दिला. चैताली त्या दिवशी अडीच भाकरी जेवली.

सुमनला आशीर्वाद. उन्हात फिरू नका.

आपला,
बहिरू

ता. क. : मुख्य सांगायचं राहिलं. तो कूलर माझा होता. पोर उकाड्यात काम करते म्हणून मीच पाडव्याला काळूच्या हातून 'एका हितचिंतकाकडून' असं सांगून गुपचूप पाठवला होता. त्याच्या पाठीवर ऑइलपेंटने 'बहिरू, थर्मल' असं लिहिलेलं आहे. म्हणजे थर्मलमुळे खराब होतंय हे पोरगी अक्षरशः खरं बोलली. सध्या पाठ भिंतीकडे आहे. तरी कांद्याचा टेम्पो घेऊन नाशिकला याल तेव्हा कोणी तो फिरवायच्या आत सायखेड्याला घेऊन जा. नारळ परत द्यायची माझी तयारी नाही. आम्ही तो फोडला.

ता. क. (पाकिटावर) : डिंक संपला म्हणून चैतालीने तिचं वाया गेलेलं तपकिरी प्लास्टिक वितळवून पाकीट चिकटवलं. पोस्टातही तीच टाकणार आहे. नीट चिकटलं असावं.

(खाली, बारीक अक्षरात) : बाबा, नीट चिकटलं नव्हतं. कूलर नेऊ नका, ऑफिसात छान चालतो. त्याची पाठ आम्ही पाडव्यालाच वाचली होती. मामांना कळवू नका, त्यांना नारळ मिळाला आहे. – चैताली